माझे पाच रेडिओ



गेल्या दशलक्षण पर्वात उत्तम आकिंचन्याच्या दिवशी मंदिरात स्वाध्याय झाला. मी दहा मिनिटं परिग्रहावर बोलले. बोलून खाली बसते तोच आमच्या थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "धाकटी छान बोलली हो. पण तिच्या कपाटात पाच रेडिओ आहेत, ते कशासाठी, तेही विचारा." सगळ्या हसल्या. मीही हसले. पण घरी आल्यावर ते वाक्य काही डोक्यातून जाईना. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडा माझा जमाखर्च लिहिते आहे.

सुरुवात एका छोट्या पुस्तिकेपासून झाली. माहेरचं घर विकायचं ठरलं तेव्हा आण्णांच्या दुकानाच्या जुन्या खतावण्या पाहायचं काम माझ्याकडे आलं, कारण भावंडांत बी.कॉम. मी एकटीच. भुसारमालाच्या त्या वह्यांत पोस्टाचं एक पुस्तक निघालं. त्यावर आण्णांचं नाव, पत्ता आणि दरवर्षीचे पोस्टाचे शिक्के. ते होतं रेडिओचं लायसन्स. माझ्या सुनेला आधी खरंच वाटेना. "रेडिओ ऐकायला लायसन्स?" हो, लागायचं. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय रेडिओ बाळगणं हा गुन्हा ठरला होता. दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि पुस्तकावर शिक्का मारून घ्यायचा. १९८० नंतर ही पद्धत टप्प्याटप्प्याने संपली. आण्णांच्या पुस्तकात एकही वर्ष चुकलेलं नाही. पण रेडिओ मात्र घरात नव्हता. टीव्ही आल्यावर कधीतरी तो भंगारवाल्याकडे गेला होता. लायसन्स राहिलं आणि रेडिओ गेला! तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, तसा एक रेडिओ मिळाला तर?

आता थोडं मागे जाऊ या. आपल्याकडे नियमित प्रसारणासाठी मुंबईचं केंद्र २३ जुलै १९२७ ला सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. पुढच्याच महिन्यात कोलकाता केंद्र सुरू झालं. चालवणारी होती इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी, एक खासगी कंपनी. प्रत्येक केंद्राचं यंत्र दीड किलोवॅटचं, म्हणजे आवाज शहराच्या आसपासच पोहोचायचा. कंपनीचं मुख्य उत्पन्न लायसन्सच्या पैशांतून, आणि साऱ्या देशात लायसन्सं आठ हजारसुद्धा झाली नाहीत. तीन वर्षांच्या आत कंपनी बुडाली. ताळेबंद न पाहता नुसता हिशेब मांडला तरी कळतं, की दहा रुपयांच्या वार्षिक परवान्यावर आणि इतक्या थोड्या गिऱ्हाइकांवर दोन केंद्रं कशी चालणार? १९३० मध्ये सरकारने कारभार हातात घेतला आणि ८ जून १९३६ ला ऑल इंडिया रेडिओ हे नाव आलं.

त्या काळात रेडिओ ही श्रीमंतांच्या दिवाणखान्यातली वस्तू होती. स्वातंत्र्यानंतर हळूहळू मध्यमवर्गाच्या घरात आली. मर्फी ही मूळची इंग्लंडची कंपनी, १९२९ मध्ये फ्रँक मर्फी यांनी ई. जे. पॉवर यांच्यासोबत सुरू केलेली. आपल्याकडे तिचा कारखाना ठाण्याला होता. ओठावर बोट ठेवलेलं ते गुटगुटीत बाळ आपल्यापैकी कितीतरी जणींनी दुकानांच्या कॅलेंडरवर पाहिलं असेल. फिलिप्सचे कारखाने पुण्याजवळ होते. बुश, नॅशनल एको, टेलिफंकन ही नावंही घरोघरी माहीत होती.

आणि त्यातून काय काय ऐकलं! १ एप्रिल १९५५ पासून पुणे केंद्रावरून दर आठवड्याला गीतरामायण सुरू झालं. गदिमांचे शब्द, सुधीर फडके यांची चाल. लोक रेडिओला हार घालून बसायचे, असं आई सांगायची. आम्ही जैन, रामकथा आपल्याकडे वेगळी सांगतात, पण आमच्या घरीही ती वेळ कुणी चुकवली नाही. हिंदी सिनेमाच्या गाण्यांची गोष्ट वेगळी. बा. वि. केसकर १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांना ही गाणी हलकी वाटायची, म्हणून आकाशवाणीवर ती जवळजवळ बंद झाली. लोकांनी काय केलं? काटा फिरवला आणि सिलोन लावलं. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला आपल्या सरकारला विविध भारती काढावी लागली. घरातल्या मुलांना एखादी गोष्ट नुसती बंद केली की ती शेजारच्या घरी जाऊन करतात, हे आपल्याला माहीतच आहे. सरकारला ते पाच वर्षांनी समजलं.

हे जुने रेडिओ वाल्व्हचे. बटण फिरवलं की लगेच आवाज यायचा नाही. आतल्या काचेच्या नळ्या तापायला अर्धा मिनिट लागायचा. आधी काचेमागे पिवळा उजेड, मग घरघर, मग दुरून येत असल्यासारखा आवाज. काही सेट्सना हिरवा मॅजिक आय असायचा. स्टेशन नीट लागलं की त्या हिरव्या उजेडाची फट मिटत यायची. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेल लॅबमध्ये ट्रान्झिस्टरचा शोध लागला. १९५४ मध्ये रीजन्सी नावाचा पहिला खिशात मावणारा ट्रान्झिस्टर रेडिओ बाजारात आला. पुढच्या वीस वर्षांत तो मोठा लाकडी रेडिओ कोपऱ्यात गेला आणि ट्रान्झिस्टर शेतावर, पानपट्टीवर, स्वयंपाकघरात पोहोचला.

मग हे जुने रेडिओ गेले कुठे? काही भंगारात, काही माळ्यावर, काही मुंबईच्या चोर बाजारात आणि पुण्याच्या जुन्या बाजारात. पूर्वी जुन्या वस्तूंचा शौक असणारी माणसं म्हणजे रविवारी सकाळी तिथे फिरणारी पुरुषमंडळी. चोर बाजारातली जुन्या वस्तूंची दुकानं ज्या गल्लीत, तिचं नाव मटण स्ट्रीट. आपल्या घरातली बाई तिथे रेडिओ शोधायला निघाली असं कल्पनेतही येत नाही!

ते बदललं इंटरनेटमुळे. याची सुरुवातही गमतीची आहे. १९९५ मध्ये कॅलिफोर्नियात पियरे ओमिद्यार यांनी लिलावाची एक वेबसाइट काढली, तीच पुढची ईबे. तिथे विकली गेलेली पहिली वस्तू म्हणजे एक बिघडलेला लेझर पॉइंटर. १४ डॉलर ८३ सेंटला गेला. त्यांनी घेणाऱ्याला विचारलं, बिघडलाय हे कळलं ना तुम्हाला? तो म्हणाला, मी बिघडलेले लेझर पॉइंटरच जमवतो. म्हणजे हा सगळा बाजारच बंद पडलेल्या इलेक्ट्रिक वस्तूने आणि एका जमवणाऱ्या माणसाने सुरू झाला. आपल्याकडे २००० मध्ये बाझी डॉट कॉम आलं, २००४ मध्ये ईबेने ते घेतलं आणि २०१८ मध्ये ईबे इंडिया बंदही झालं. पण तोवर लोकांना सवय लागली होती. आता गावोगावची माणसं फोनवर फोटो टाकतात आणि माळ्यावरची वस्तू विकतात. साठी ओलांडलेली बाई दुपारी भांडी झाल्यावर सोफ्यावर बसून रेडिओ शोधू शकते. ती बाई म्हणजे मी.

माझा पहिला रेडिओ सातशे रुपयांना मिळाला. सोलापूरकडच्या एका बाईंनी टाकला होता. जुना वाल्व्हचा सेट, बेकेलाइटची पेटी, काच शाबूत. मी लगेच पैसे पाठवले आणि आठवडाभर घरात सांगत सुटले, सातशेला मिळाला, सातशेला! नंतर दुसऱ्या विक्रेत्यांचे भाव पाहत गेले तेव्हा कळलं, तसा सेट पाच-सहा हजारांना जातो. आधी आनंद झाला. मग तो आनंद टोचायला लागला. त्या बाईंना किंमत माहीत नव्हती. मला तेव्हा नव्हती, पण आता तर माहीत होती. आण्णा दुकानात सांगायचे, शेतकऱ्याला भाव माहीत नसला तर तो आपण सांगायचा. मी दोन दिवस काहीच केलं नाही, हेही लिहिते. तिसऱ्या दिवशी फोन केला आणि म्हटलं, "ताई, तुमच्या रेडिओची किंमत जास्त आहे, मी अजून पैसे पाठवते." त्या जरा गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "यांचा होता तो. वाजतो का?" मी म्हटलं, दुरुस्तीला दिलाय. "वाजला की कळवा," म्हणाल्या. पैशांचं नको नकोच म्हणत होत्या, शेवटी दोन हजार घेतले. आमच्या ह्यांना वाटतं मी वेडी आहे. असेन.

दुसऱ्यांदा मी फसले. चार हजार पाचशेला "ओरिजिनल १९५० चा" म्हणून घेतलेला सेट उघडला तर आत नवं एफएमचं किट, ब्लूटूथ आणि चायनीज स्पीकर. लाकडी पेटीसुद्धा नवी, चहाच्या पाण्याचा रंग दिल्यासारखी. विक्रेत्याने फोन उचलणं बंद केलं. त्या वर्षी पर्वात सातव्या दिवशी तत्त्वार्थसूत्राचा सातवा अध्याय चालला होता. अचौर्य अणुव्रताचे अतिचार आले आणि मी चटकन वही उघडली. त्यातला एक प्रतिरूपक व्यवहार, म्हणजे नकली वस्तू अस्सल म्हणून विकणं. आणि दुसरा, चोरीने आणलेला माल घेणं. इतकी वर्षं ऐकत आले, पण कधी वाटलं नव्हतं की हे फोनवरच्या खरेदीला इतकं तंतोतंत लागू पडेल. पहिला अतिचार विकणाऱ्याचा, दुसरा घेणाऱ्याचा. तेव्हापासून मी प्रत्येक विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारते, हा रेडिओ कुणाच्या घरचा? ज्याला घर सांगता येत नाही त्याच्याकडून घेत नाही. यात दोन-तीन चांगले सेट हातचे गेले. जाऊ देत.

तुमच्यापैकी कुणाला घ्यायचा असेल तर चार गोष्टी सांगते. समोरचा फोटो कुणीही चांगला काढतो. मागचं पुठ्ठ्याचं झाकण काढून आतला फोटो मागा. वाल्व्ह आहेत का, वायरी उंदरांनी खाल्ल्यात का, पट्टीचा दोरा तुटलाय का, ते दिसतं. वाल्व्हवरची अक्षरं वाचा. ईसीएच ८१, ईएफ ८९, ईएल ८४ अशी ई ने सुरू होणारी असतील तर साधारणपणे आत ट्रान्सफॉर्मर असतो. यूसीएच, यूएल अशी यू ने सुरू होणारी असतील तर तो बहुधा एसी-डीसी सेट. त्याचा आतला लोखंडी सांगाडा सरळ घरच्या विजेला जोडलेला असतो. बटण निघालेलं असेल आणि खालच्या दांडीला हात लागला तर जोरात शॉक बसतो. नातवंडं असलेल्या घरात हे लक्षात ठेवा.

सगळ्यात महत्त्वाचं, वर्षानुवर्षं बंद असलेला रेडिओ आणल्या आणल्या प्लगमध्ये लावू नका. आतले जुने कपॅसिटर वाळलेले, गळके असतात. एकदम वीज दिली की फुटतात किंवा ट्रान्सफॉर्मर जळतो. जाणकार मेकॅनिक आधी सिरीजमध्ये बल्ब लावून तपासतो. बल्ब लखलखीत पेटला तर आत शॉर्ट आहे, क्षणभर पेटून मंद झाला तर पुढे जायला हरकत नाही. आमच्याकडे एक मामा आहेत, सत्तरी ओलांडलेले, टीव्हीच्या दुकानामागे बसतात. ते म्हणतात, रेडिओ बिघडत नाही, बिघडवतात. पाठवणाऱ्याला सांगा, वाल्व्ह काढून वेगळे कापसात गुंडाळून द्या. आतला ट्रान्सफॉर्मर जड असतो, कुरिअरमध्ये आपटला की बेकेलाइटची पेटी काचेसारखी तडकते. माझा तिसरा रेडिओ असाच दोन तुकड्यांत आला.

आता आपल्या घरांपुरती एक गोष्ट. जुन्या वस्तू कशापासून बनल्या हेही पाहावं लागतं. ट्रान्झिस्टरबरोबर चामड्याचं कव्हर मिळायचं. विक्रेते ते कौतुकाने दाखवतात, "विथ ओरिजिनल लेदर केस". मी सांगते, कव्हर तुमच्याकडेच ठेवा. मला ग्रामोफोनचाही मोह झाला होता. १९०८ मध्ये कोलकात्यात तबकड्यांचा कारखाना सुरू झाला, आपली कितीतरी नाट्यगीतं त्या जुन्या ७८ च्या तबकड्यांवर आहेत. पण त्या तबकड्या लाखेच्या. लाख म्हणजे किड्यांपासून मिळणारी वस्तू, आणि लाखेचा व्यापार तर श्रावकाने टाळायच्या पंधरा व्यवसायांत येतो. वस्तू तयार होऊन साठ-सत्तर वर्षं झाली, आता घेतली तर काय, असं मनाला समजावून पाहिलं. मन काही समजलं नाही, म्हणून ग्रामोफोन घेतला नाही. ज्यांच्या घरी आजोबांच्या तबकड्या आहेत त्यांना मी नावं ठेवत नाही. नवीन विकत आणणं मला जमलं नाही एवढंच. बेकेलाइट मात्र लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये रसायनांपासून बनवलेलं, पहिलं पूर्ण कृत्रिम प्लास्टिक. म्हणून माझे बहुतेक रेडिओ बेकेलाइटचे.

आता जाऊबाईंच्या प्रश्नाकडे येते. पाच रेडिओ कशाला?

कॉमर्समध्ये घसारा शिकवतात. वस्तूची किंमत दरवर्षी कमी करत करत शेवटी वहीत शून्य होते. आण्णांच्या रेडिओची किंमत त्यांच्या वहीत कधीच शून्य झाली असणार. मग पन्नास वर्षांनी त्याच वस्तूला पाच हजार कोण देतं? जिला त्यात वडील ऐकू येतात ती. हे खरं आहे. पण पाचव्या रेडिओत आण्णा ऐकू येत नव्हते, हेही खरं आहे. चौथा घेतला तेव्हाच मला कळलं होतं की आता वस्तूपेक्षा शोधण्याची चटक लागली आहे. दुपारचं सामायिक उरकून मी फोन हातात घ्यायची. एकदा तर सामायिकातच मनात आलं, त्या मॅजिक आयवाल्याने भाव कमी केला असेल का? रत्नकरंड श्रावकाचारात परिग्रह परिमाणाचे जे अतिचार सांगितलेत त्यांत अतिसंग्रह आहे आणि लोभही आहे. दोन्ही शब्द मी त्या दिवशी मंदिरात बोलून दाखवले होते. जाऊबाईंनी फक्त माझं कपाट उघडून दाखवलं.

त्या रात्री वहीत लिहिलं, पाच. सहावा नाही. आणि दोन महिन्यांनी नेमका आण्णांचा रेडिओ समोर आला. तेच मर्फीचं मॉडेल, तीच सोनेरी जाळी, डाव्या बाजूला तशीच गोल बटणं. इचलकरंजीच्या एका घरातला. भाव वाजवी, घर सांगितलेलं. ज्याच्यासाठी हे सगळं सुरू झालं तोच, आणि माझं माप भरलेलं. ह्यांनी सांगितलं, "अगं घे, वहीत सहा कर." वही माझीच, पेनही माझंच, कुणी विचारणारं नाही. पण मग परिमाण कसलं? मापट्याचा काठ गरजेप्रमाणे वाढवणारा दुकानदार आण्णांना अजिबात आवडायचा नाही.

मी पाचातला एक दिला. सगळ्यात चांगला वाजणारा, मॅजिक आयवाला, मामांना दिला. त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे रेडिओ दुरुस्त केले, त्यांच्या घरी स्वतःचा वाल्व्हचा सेट नव्हता. देताना हात जड झाला होता, खोटं कशाला सांगू. मग आण्णांचा मर्फी आणला.

तो वाजतो, पण ऐकायला आता फार काही उरलेलं नाही. या रेडिओंना एफएम नाही, आणि मीडियम वेव्हवरची कितीतरी केंद्रं बंद झाली. त्यात घरातले एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर सगळे घरघर करतात. म्हणून रात्री जेवणं सूर्यास्ताआधीच झालेली असतात, तेव्हा दिवे बंद करून बसते. रात्री मीडियम वेव्हच्या लहरी आकाशातून परत येतात आणि दूरची केंद्रं लागतात. कधी कन्नड, कधी तमिळ. परवा एका स्टेशनवर बाजारभाव सांगत होते. भाषा कळली नाही, पण आकडे सांगायची ती एकसुरी पद्धत आण्णा ऐकायचे तीच.

तुमच्या माळ्यावर असा रेडिओ असेल तर विकण्याआधी तो कुणाचा होता हे एका चिठ्ठीवर लिहून आत ठेवा. आणि जुन्या वह्यांत पोस्टाचं लायसन्स आहे का बघा. प्लग मात्र लावू नका, आधी मेकॅनिकला दाखवा.

जाऊबाई परवा आल्या होत्या. मोजून गेल्या. पाचच आहेत.